गाइसली एसएसए की साधा मिलस्पेक? रायफलच्या ट्रिगरवर किती विसंबावं

मी अमेरिकेत सर्व्हिस रायफल प्रकारात नेमबाजी करते. एआर-15 घराण्यातली रायफल, दंडावर आवळलेला रायफलचा पट्टा, आणि 200, 300 व 600 यार्डांवरची टार्गेटं, असा हा खेळ. गाइसली कंपनीचा एसएसए ट्रिगर (म्हणजे चापाची पूर्ण यंत्रणा) बराच काळ वापरून झाला आहे आणि त्याआधी रायफलसोबत आलेला साधा मिलस्पेक, म्हणजे लष्करी मोजमापांनुसार बनवलेला, ट्रिगरही भरपूर वापरला. बाजारात मिळणारे इतर दोन-तीन प्रकारही हाताळले. माझं मत आधीच सांगते: एसएसए घ्यावा असाच आहे. पण तो हलका आहे म्हणून नाही. लष्करी ट्रिगरमधल्या ज्या गोष्टींना हात लावायचा नसतो त्यांना त्यानं हात लावलेला नाही, म्हणून.

साध्या ट्रिगरला नावं ठेवण्याआधी तो तसा का बनवलाय ते बघायला हवं. हॅमर (गोळी उडवणारा फटका देणारा हातोडा), ट्रिगर, डिस्कनेक्टर (चाप दाबलेला असताना हॅमरला मागे अडवून धरणारा भाग), तीन मुख्य स्प्रिंगा आणि दोन पिना, एवढाच त्याचा संसार. ओढायला लागणारा जोर साधारण 5.5 ते 9.5 पौंड. हॅमरची खाच आणि ट्रिगरचं टोक एकमेकांत चांगलं खोल अडकलेलं असतं, त्यामुळे चाप ओढताना ते टोक बरंच अंतर घासत सरकतं. नेमबाजाला ही खरखर नकोशी वाटते, पण रायफल दगडावर आपटली तरी हॅमर सुटू नये, यासाठीच ती खोली ठेवलेली असते.

हॅमरची स्प्रिंग दणकट असण्यालाही कारण आहे. हॅमरचा फटका काडतुसापर्यंत पोचवणाऱ्या एआरच्या फायरिंग पिनला मागे धरून ठेवणारी स्प्रिंग नसते, पिन मोकळीच असते. बोल्ट (काडतुसामागे दार लावणारा भाग) जोरात बंद झाला की ती पुढे सरकून प्रायमरला, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीला, हलकेच टोचते. चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत) गेलेलं पण न उडवलेलं काडतूस बाहेर काढून प्रायमर उजेडात तिरका धरा, मधोमध सुईच्या टोकाएवढा खळगा दिसेल. एवढ्या टोचण्यानं काडतूस उडू नये म्हणून लष्करी दारूगोळ्यात जरा कठीण प्रायमर वापरतात. आणि प्रायमर कठीण, तर हॅमरचा फटकाही तसाच सणसणीत हवा. ही साखळी ज्यांनी समजून घेतली नाही त्यांनीच निम्मे वाईट ट्रिगर बनवलेत, असं मला वाटतं.

कारण ट्रिगर हलका करायचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे हलक्या स्प्रिंगा. त्या बसवल्या की चाप लगेच मऊ लागतो, माणूस खूश होतो. मग एखाद्या दिवशी कठीण प्रायमरचा लॉट येतो, हॅमर पडतो, ‘टक्’ एवढाच आवाज होतो आणि प्रायमरवर अर्धवट खूण उमटते. सर्व्हिस रायफलमध्ये 200 यार्डांवर बसून दहा गोळ्या 60 सेकंदांत आणि 300 यार्डांवर पालथं पडून दहा गोळ्या 70 सेकंदांत झाडायच्या असतात. पहिल्या मॅगझिनमध्ये दोन, दुसऱ्यात आठ, मध्ये मॅगझिन बदलायचं. या घाईत एक काडतूस उडलं नाही की श्वासाची लय मोडते आणि पुढच्या गोळ्याही विखुरतात.

दुसरा घरगुती उपाय म्हणजे ट्रिगरचं टोक दगडावर घासून गुळगुळीत करणं. हे कुणीही सुचवलं तरी करू नका. साध्या ट्रिगरचे भाग सहसा फक्त पृष्ठभागावर कठीण केलेले असतात आणि तो थर पातळ असतो. तो घासून निघाला की खालचं मऊ पोलाद उघडं पडतं आणि भराभर झिजतं. सुरुवातीला ट्रिगर लोण्यासारखा चालतो, पण धरून ठेवण्याची त्याची ताकद हळूहळू कमी होत जाते, आणि हे बाहेरून दिसत नाही. ज्याच्या हातात अशी रायफल आहे त्याच्याच नव्हे, शेजारच्या फायरिंग पॉइंटवर पडलेल्या माणसाच्याही जिवाचा हा प्रश्न आहे.

आता डबीबंद ट्रिगर. सगळे भाग एका चौकटीत बसवून येतात, ती चौकट रिसीव्हरमध्ये (रायफलच्या मधल्या सांगाड्यात) सोडायची, दोन पिना ढकलायच्या, काम झालं. बसवायला इतकं सोपं दुसरं काही नाही. मी वापरलेल्या डबीचं (नाव घेत नाही) पहिल्या दिवसापासून कौतुक वाटत होतं: एकच टप्पा (ओढताना मध्ये थांबा नाही), साडेतीन पौंडांच्या आसपास, काच फुटावी तसा चटकन सुटायचा. एका रॅपिड फायरमध्ये, म्हणजे वर सांगितलेल्या घाईच्या फेरीत, चाप मध्येच अडकला. मागे जाईना, पुढे येईना. घरी येऊन उघडल्यावर कळलं की फुटलेल्या प्रायमरचा एक कपचा डबीच्या आत, ट्रिगरच्या खाली जाऊन बसला होता. प्रायमरचा तुकडा ट्रिगरखाली जाणं ही एआरची जुनीच व्याधी आहे, साध्या ट्रिगरलाही ती होते. पण तिथे सगळं उघडं असतं. रायफल रिकामी करायची, मागची पिन ओढून उघडायची, उलटी धरून झटकायची, तुकडा बहुतेक वेळा खाली पडतो. डबीत मात्र आधी खालून ताण देणारे स्क्रू सैल करा, मग पिना ठोका, मग डबी बाहेर काढा. हे काम फायरिंग लाइनवर होत नाही.

त्या स्क्रूंचीही एक कटकट असते. डबी हलू नये म्हणून ते रिसीव्हरच्या तळावर टेकवून आवळायचे असतात. हादऱ्यांनी ते सैल झाले की डबी किंचित डुलते आणि ट्रिगरचा स्पर्श रोज वेगळा लागतो. शिवाय साध्या ट्रिगरमध्ये हॅमरची पिन हॅमरच्या आतली छोटी वळणदार स्प्रिंग धरून ठेवते आणि ट्रिगरच्या पिनेच्या खोबणीत हॅमर स्प्रिंगचा पाय बसतो, म्हणून पिना जागच्या जागी राहतात. पुष्कळ डब्यांमध्ये ही सोय नसते, मग बाजूनं स्क्रू लागणाऱ्या वेगळ्या पिना घ्याव्या लागतात. सगळ्याच डब्या वाईट नसतात. स्वच्छ रेंजवर, बेंचवर बसून नेमबाजी करणाऱ्याला त्यांचा सुखद अनुभव येईल. मला त्या सर्व्हिस रायफलमध्ये नको आहेत, इतकंच.

एसएसए इथे वेगळा ठरतो. तो डबीत येत नाही. भाग सुटे, साध्या ट्रिगरसारखेच उघडे, पिना धरून ठेवायची पद्धतही जुनीच. हॅमरची स्प्रिंग पूर्ण ताकदीची. लष्करी विशेष दलांसाठी गाइसलीनं जो एसएसएफ ट्रिगर बनवला, त्याची ही फक्त सेमी-ऑटोमॅटिक (दर ओढीला एकच गोळी) आवृत्ती. भाग टूल स्टीलमधून कापलेले असतात. एकूण जोर 4.5 पौंड: पहिल्या टप्प्याला अडीच, दुसऱ्याला दोन.

हे दोन टप्पे म्हणजे केवळ बोटाचे लाड नाहीत. बोट ट्रिगरवर नसतं तेव्हा हॅमर आणि ट्रिगर एकमेकांत व्यवस्थित खोल अडकलेले असतात. पहिला टप्पा ओढताना त्यातली बरीचशी खोली आपण स्वतः बोटानं कमी करतो. मग एक स्पष्ट भिंत लागते. दुसऱ्या टप्प्यात उरलेलं थोडंसं अंतर सुटतं आणि गोळी जाते. भिंतीपाशी येऊन मन बदललं आणि बोट सैल सोडलं, तर ट्रिगर पुढे येऊन पुन्हा पूर्ण खोल अडकतो. एका टप्प्याच्या हलक्या ट्रिगरमध्ये ती अडकण सदासर्वकाळ उथळच असते. हलकेपणा आणि भरवसा एकत्र हवे असतील तर मला दोन टप्प्यांचाच रस्ता पटतो.

उभं राहून मारताना याचा फायदा सर्वांत जास्त जाणवतो. रायफलचं टोक हलतंच, कुणाचंही हलतं. पहिला टप्पा घेऊन भिंतीवर थांबायचं आणि साइट टार्गेटच्या काळ्या वर्तुळाच्या मधोमध स्थिरावली की उरलेले दोन पौंड द्यायचे. साध्या ट्रिगरवर तेवढ्या वेळात तुम्ही अजून खरखरीच्या अर्ध्या वाटेत असता.

तोटे आहेतच. किंमत साध्या ट्रिगरच्या कितीतरी पट. बसवताना डिस्कनेक्टर आणि ट्रिगर सोबत दिलेल्या आखूड पिनेवर जुळवून मगच मोठी पिन सरकवावी लागते, आणि हॅमरची स्प्रिंग दाबून धरताना अंगठा दुखतो. पैसे कमी असतील तर एएलजी डिफेन्सचा एसीटी बघा. एकाच टप्प्याचा, साध्या ट्रिगरच्याच जोराचा, पण घासणारे पृष्ठभाग नीट केलेले आणि निकेल-बोरॉनचा लेप दिलेला. खरखर बरीच जाते, स्प्रिंगांशी खेळ नाही. शिकाऊ नेमबाजाला मी हाच सुचवते. नुसतं ‘मिलस्पेक’ छापलेलं निनावी पाकीट मात्र बघूनच घ्या. त्यातले काही ट्रिगर छान निघतात, काहींमध्ये रेती भरल्यासारखं वाटतं.

कोणताही ट्रिगर बसवला तरी पुढची तपासणी चुकवू नका. रायफल रिकामी आहे हे चेंबरमध्ये डोळ्यांनी बघून आणि बोट घालून खात्री करा. सेफ्टी लावून चाप ओढा, हॅमर पडता कामा नये. सेफ्टी काढून ओढा, पडला पाहिजे. चाप तसाच दाबून ठेवून चार्जिंग हँडल (बोल्ट मागे ओढायची मूठ) ओढून सोडा, हॅमर मागेच अडकून राहिला पाहिजे. आता चाप सावकाश सोडा: स्पष्ट ‘टक्’ ऐकू येईल आणि हॅमर तरीही पडणार नाही. यातलं एकही पाऊल चुकलं तर ती रायफल रेंजवर नेऊ नका, जाणत्या गनस्मिथकडे द्या. महागड्या ट्रिगरलाही यातून सूट नाही.

सर्व्हिस रायफलवाल्यांसाठी एक खास सूचना. या सामन्यांचे नियम ठरवणाऱ्या सीएमपी (सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्राम) या संस्थेच्या नियमानुसार ट्रिगरनं 4.5 पौंडांचं वजन हॅमर न पडता उचलून धरलं पाहिजे. एसएसएचा जोर बरोबर त्या रेषेवर आहे आणि स्प्रिंगा वापरानं थोड्या ढिल्या पडतात. सामन्याआधी घरी वजन लावून बघा. वजन धरत नसेल तर त्याच कंपनीचा हाय-स्पीड नॅशनल मॅच घ्या, त्यात दोन्ही टप्प्यांचा जोर वाढवता-कमी करता येतो. मी माझा साडेचारच्या बराच वर ठेवला आहे.