लालबागच्या मिरची गल्लीतलं मसाला कांडप

मालवणी मसाल्याचं प्रमाण घरागणिक वेगळं असतं. आजीच्या वहीतलं प्रमाण तयार पाकिटात मिळत नाही, म्हणून मिरची गल्लीचं मोल. मिरची, खडा मसाला, भाजणं आणि कांडप, सगळं एकाच जागी उरकतं. करी रोड किंवा चिंचपोकळी स्टेशनावरून चालत जाता येतं.

डंक्याचं, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्राचं, काम चोख आहे. लोखंडी मुसळं उखळात वरून पडतात, त्यामुळे मिरची कुटली जाते, चक्कीइतकी तापत नाही आणि रंग-वास टिकतो. चाळणीवर राहिलेलं जाड पुन्हा उखळात टाकतात. शेवटी उरलेलं जाडही आपल्यालाच द्यायला सांगा, रश्शात ते छान मुरतं.

साधारण प्रमाण असं: ब्याडगी अर्धा किलो रंगाला, संकेश्वरी पाव किलो तिखटाला, काश्मिरी पाव किलो. धणे पाव किलो, बडीशेप, खसखस आणि हळकुंड प्रत्येकी 50 ग्रॅम, लवंग, मिरी, दालचिनी प्रत्येकी 25 ग्रॅम. मिरची हातात घेऊन मोडून बघा. कडकन तुटली तर ठीक. नुसती वाकली तर अजून दोन उन्हं द्या, नाहीतर मसाल्याला बुरशी येते.

भाजणं मात्र डोळ्यांसमोरच करून घ्या, खरी मेख तिथे आहे. सगळं एकाच कढईत पडलं तर धण्यांना रंग येईपर्यंत खसखस जळते आणि अख्खा मसाला कडवट होतो. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायला सांगा. तेवढा वेळ देणार नसतील तर घरून भाजून न्या, हेच उत्तम. हळकुंड तेलात तळून, फोडून द्यायचं. खसखस तेल सोडते, ती उखळात सगळ्यात शेवटी. आधी पडली तर चाळणीची भोकं बुजतात.

आपल्या आधी उखळात काय कुटलं ते विचारा आणि उखळ ब्रशने झाडून घ्या. मिरचीचं वजन देठं काढल्यावर करा. त्यानंतरही थोडी घट येतेच, भुकटी उडते.

एप्रिल-मेमधल्या रविवारी गर्दीत कोणालाच नीट लक्ष देता येत नाही. मार्चमध्ये, आठवड्यातल्या एखाद्या सकाळी जा. कुटलेला मसाला कोमट असतो. घरी कागदावर पसरून पूर्ण गार करा, मग बरणीत दाबून भरा आणि मध्ये हिंगाचे खडे ठेवा.