दातांच्या तारा सरकारी योजनेतून की खासगीत? आधी मिलिमीटर विचारा

मुलाचे दात वेडेवाकडे यायला लागले की घरात पहिला विषय पैशांचा निघतो. सरकारी योजनेत मोफत होईल, की खासगीत भरायचे? माझ्या मते त्याआधी दोन गोष्टी कळायला हव्यात: नेमकं काय बिघडलंय, आणि ते थांबू शकतं का.

सरकारी व्यवस्था बहुतेक ठिकाणी मोजपट्टी घेऊन बसते. इंग्लंडमध्ये एनएचएस, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, १८ वर्षांखालच्या मुलांना मोफत तारा लावते, पण गरजेच्या पाच पायऱ्यांपैकी चौथ्या-पाचव्या पायरीवर असलेल्यांनाच. तिसरीवर असाल तर दहा फोटोंच्या मालिकेशी दात ताडून पाहतात आणि दिसण्याचा क्रमांक किमान ६ यावा लागतो. जर्मनीतही पायऱ्या पाचच. तिथला सार्वजनिक आरोग्य विमा २००२ पासून तिसऱ्या पायरीपासून पुढचा खर्च उचलतो. पहिल्या मुलासाठी २० टक्के हिस्सा पालकांनी आधी भरायचा, उपचार पूर्ण झाले की तो परत मिळतो. पोरगं मधेच कंटाळलं तर ते पैसे गेले. अट कडक आहे, पण मला पटते.

आता वरचे पुढचे दात खालच्यांपेक्षा ७ मिमी पुढे असतील, तर दोन्ही देशांत प्रश्नच नाही, मूल योजनेत बसतं. पण एखादा दात रांगेतून साडेतीन मिमी सरकला असेल तर? दोन्हीकडे तिसरीच पायरी. जर्मनीत तेवढ्यावर काम होतं, इंग्लंडमध्ये फोटो काय म्हणतात त्यावर अडतं. म्हणून 'दात वाकडे आहेत' एवढंच ऐकून घरी येऊ नका. पायरी कोणती आणि किती मिमी, हे लिहून मागा.

खासगीत असा उंबरठा नसतो. नंबर लवकर लागतो, धातूऐवजी दातांच्या रंगाचे ब्रॅकेट (तार धरणारे, दातांवर चिकटवलेले तुकडे) किंवा पारदर्शक अलाइनर (दातांवर चढवायचे साचे) मिळू शकतात. दुसऱ्या पायरीवरचं, नुसतं दिसण्यापुरतं कामही होतं. मात्र हाड त्याच्याच गतीने बदलतं, पैसे भरले म्हणून दात घाई करत नाहीत. पक्क्या तारांना साधारण दीड ते दोन वर्षं दोन्हीकडे लागतात.

खरा फरक सरकारी नंबरासाठी थांबण्याच्या रांगेत आहे, आणि रांग सगळ्यांना सारखी महाग पडत नाही. नुसती दातांची दाटी असेल तर वर्षभर थांबल्याने सहसा फारसं बिघडत नाही. तसंही बहुतेक पक्के दात येईपर्यंत, म्हणजे बाराएक वर्षांपर्यंत, थांबावंच लागतं. खूप पुढे आलेल्या दातांचं तसं नाही. मूल तोंडावर पडलं की आधी तेच दात तुटतात. खालचा जबडा मागे असेल तर काढघाल करायचं उपकरण वाढीच्या वयातच नीट काम देतं; ते वय रांगेत गेलं तर पर्याय आक्रसतात.

सुळ्यांचं तर घरीच बघता येतं. दहाव्या वर्षाच्या आसपास वरच्या ओठाखाली, दुधाच्या सुळ्याच्या वर हिरडीवरून बोट फिरवा. दोन्ही बाजूंना फुगवटा लागला तर सहसा ठीक. एकाच बाजूला लागला किंवा कुठेच नाही, तर दंतवैद्याला दाखवा, एक्स-रे लागू शकतो. आत अडकलेला सुळा शेजारच्या दाताचं मूळ खाऊ शकतो. वेळेत कळलं तर कधीकधी दुधाचा सुळा काढल्यावर पक्का आपला आपण वाटेवर येतो.

मी असं करेन: मूल नऊ-दहा वर्षांचं असतानाच सरकारी तपासणीसाठी नाव घालीन. सुळा किंवा जबड्याची शंका असेल आणि नंबर लांब असेल, तर फक्त तपासणी आणि एक्स-रे खासगीत करून घेईन. तारा मात्र लगेच लावून टाकणार नाही, कारण खासगीत अर्धवट झालेलं काम पुढे सरकारीत नेणं अवघड जातं. दाटीच असेल तर रांगेतच उभी राहीन.

खासगीचं कोटेशन हातात आलं की रिटेनर (दात जागेवर धरून ठेवणारं उपकरण) त्यात धरलाय का, ते बघा. तारा काढल्यावर दात मागे सरकू पाहतात, त्यामुळे रिटेनर वर्षानुवर्षं रात्री घालावा लागतो. तो हरवतो, तुटतो, नवा करावा लागतो. सरकारी उपचारातही ही देखरेख ठरावीक मुदतीपुरतीच असते, नंतरचा रिटेनर बहुधा आपल्याच खिशातून.