जुनी सुपर्ब घ्यावी की जुनी कॅम्री?

बजेट तीस लाखांच्या आगेमागे आहे आणि उंच एसयूव्हींचा कंटाळा आलाय, अशा माणसासमोर सेकंड हँड बाजारात दोन नावं हमखास येतात: स्कोडा सुपर्ब आणि टोयोटा कॅम्री हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत इलेक्ट्रिक मोटर असलेली. दोन्ही गाड्या नव्या असताना मर्सिडीज-बीएमडब्ल्यूच्या उंबऱ्यापर्यंत पोचल्या होत्या, आत मात्र गेल्या नाहीत. बॉनेटवर तारा नाही म्हणून त्यांचे भाव उतरतात आणि गिऱ्हाइकाचा फायदा तिथेच होतो. चारचौघांत तारा दिसायलाच हवा असेल, तर पुढचं वाचण्यात अर्थ नाही; तुमचं उत्तर वेगळ्या शोरूममध्ये आहे.

तुलना कोणत्या गाड्यांची, ते आधी सांगतो. सुपर्ब म्हणजे मे २०२० नंतरची पेट्रोल गाडी, जी आपल्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात जुळवली जायची. कॅम्री म्हणजे जानेवारी २०१९ मध्ये आलेली आणि २०२४ पर्यंत विकली गेलेली, कर्नाटकातल्या बिडदीच्या कारखान्यातली. नव्याचा हिशेब थोडक्यात असा: पुढच्या पिढीची कॅम्री डिसेंबर २०२४ मध्ये ४८ लाखांना आली, एक्स-शोरूम. सुपर्बचं इथलं उत्पादन २०२३ मध्ये थांबलं आणि एप्रिल २०२४ मध्ये फक्त १०० गाड्या आयात करून ५४ लाखांना विकायला काढल्या. हे आकडे ऐकले की जुनी गाडी आणखीच शहाणपणाची वाटू लागते.

माझं मत लपवत नाही. स्वतः चालवायला मला सुपर्ब जास्त आवडते, पण सल्ला मागणाऱ्या बहुतेकांना मी कॅम्रीच सांगतो. कारण सल्ला मागणाऱ्यांपैकी बहुतेकांची गाडी धावते कमी आणि रांगते जास्त.

सुपर्बमध्ये दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन आहे. १९० पीएस (अश्वशक्तीचं माप) ताकद, ३२० न्यूटन मीटर टॉर्क म्हणजे ओढण्याचा जोर, तोही अवघ्या १,४५० आरपीएमपासून. सोबत सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. शून्यावरून शंभरला कंपनीच्या आकड्यांनुसार ७.७ सेकंदांत पोचते. आता मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाट भागातली मर्यादाच शंभरची आणि डोक्यावर कॅमेरे, त्यामुळे हा आकडा मित्रांना सांगण्यापुरताच. खरी मजा दुपदरी रस्त्यावर. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आहे, समोरचा रस्ता जेमतेम मोकळा दिसतोय, अशा वेळी पायाखाली किती दम आहे याला महत्त्व येतं. कुंभार्ली घाटासारख्या वळणांवर एवढी लांब गाडी ज्या शिस्तीत फिरते, तसं कॅम्रीला जमत नाही. ती घाट चढते, पण तिला त्यात रस नसतो.

कागदावर मात्र कॅम्रीच वरचढ दिसते. अडीच लिटरचं इंजिन १७८ पीएसचं, मोटरसकट एकत्रित ताकद २१८ पीएस. फसू नका. हे इंजिन जोर दाखवण्यासाठी नाही, इंधन वाचवण्यासाठी बनवलंय. पाय पूर्ण दाबला की ते चढ्या आवाजात एकसुरी घोंघावतं, आणि डीएसजीची सवय असलेल्याला ते पहिल्या दिवशीच खटकतं. पण हीच गाडी संध्याकाळी सात वाजता हिंजवडीच्या रांगेत न्या. रांगताना इंजिन बराच वेळ बंदच असतं, चाकं मोटरवर फिरतात, ब्रेक लावला की वाया जाणाऱ्या वेगातून बॅटरी भरते. आत फक्त एसीचा आवाज. तिथे सुपर्बचे १९० पीएस नुसते पेट्रोल पीत उभे असतात.

पैशांत बोलायचं तर पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेच्या मोजमापात सुपर्ब लिटरला १५.१ किलोमीटर देते आणि कॅम्री २३.२७. वर्षाला १५,००० किलोमीटर आणि पेट्रोल १०४ रुपये धरलं, तर फरक साधारण ३६,००० रुपयांचा. हायवेवर तो कमी होतो, शहरात वाढतो, कारण थांबत-थांबत चालताना टर्बो गाडीचं मायलेज कोसळतं आणि हायब्रिडचं तसं कोसळत नाही. तरीही तीस लाखांच्या गाडीत वर्षाच्या ३६,००० वरून निर्णय घेऊ नये, असं मला वाटतं. निर्णय घ्यायचा तो बिघाडांवरून.

इथे कॅम्रीची बाजू फारच भक्कम आहे. तिच्या गिअर यंत्रणेला ई-सीव्हीटी म्हणतात, पण नेहमीच्या सीव्हीटीसारखा आत पट्टा नाही आणि क्लचही नाही. दोन मोटर-जनरेटर आणि एक ग्रहमाला गिअरसंच, एवढंच. वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही. ब्रेक पॅडही बरेच दिवस टिकतात, कारण वेग कमी करण्याचं निम्मंशिम्मं काम मोटरच करते. सगळे घाबरतात ते मोठ्या बॅटरीला. तिथे एक तारीख लक्षात ठेवा: १ ऑगस्ट २०२१. त्या दिवसापासून टोयोटाने कॅम्रीच्या हायब्रिड बॅटरीची वॉरंटी ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटरवरून ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरवर नेली. म्हणजे २०२० ची गाडी दोन-तीन लाखांनी स्वस्त मिळत असली, तरी २०२२ ची घेणं बरं. शिवाय जानेवारी २०२२ च्या सुधारित गाडीत नऊ इंची स्क्रीन आणि अँड्रॉइड ऑटो, ॲपल कारप्ले आले. त्याआधीच्या कॅम्रीत ते नव्हतं, एवढ्या महागड्या गाडीत! पाहताना मागच्या सीटखालची हवेची जाळीही वाकून बघा. बॅटरी थंड ठेवणारी हवा तिथून जाते; धूळ आणि कुत्र्याचे केस तिथे अडकले असतील तर आधीच्या मालकाने बाकी काय काळजी घेतली असेल याचा अंदाज येतो.

सुपर्बमध्ये प्रश्न डीएसजीचा. त्या नावाने सरसकट घाबरायची गरज नाही, पण कोणता डीएसजी हे बघायलाच हवं. २०२० नंतरच्या दोन लिटर गाडीत तेलात बुडालेले ओले क्लच आहेत आणि ते बऱ्यापैकी दणकट असतात, फक्त तेल वेळापत्रकाप्रमाणे बदललेलं हवं. त्याआधीच्या १.८ लिटर ऑटोमॅटिकमध्ये कोरड्या क्लचचा गिअरबॉक्स होता. त्याला झेपावं म्हणून तेच इंजिन मॅन्युअलमध्ये ३२० आणि ऑटोमॅटिकमध्ये २५० न्यूटन मीटरवर ठेवलं होतं. यावरून काय ते समजा. पंधरा-सोळा लाखांत चकचकीत १.८ दिसली आणि मोह झाला, तर मेकॅट्रॉनिक्सच्या (डीएसजीचे गिअर आणि क्लच हलवणाऱ्या नियंत्रण यंत्रणेच्या) संभाव्य खर्चाची रक्कम बाजूला काढूनच सौदा करा. इंजिनच्या पुढच्या भागात, वॉटर पंपाजवळ, कूलंट पाझरल्याच्या खुणा आहेत का हेही मेकॅनिकला मुद्दाम बघायला सांगा.

मागच्या सीटवर बसणाऱ्यांसाठी दोन्ही गाड्या उत्तम, फक्त वेगळ्या तऱ्हेने. सुपर्बमध्ये पाय पसरायला अफाट जागा आहे. कॅम्रीत पाठ बटणाने मागे कलते, आणि एसी-ऑडिओचे टच कंट्रोल मागच्या आर्मरेस्टवरच आहेत. ड्रायव्हर ठेवून मागे बसणार असाल तर कॅम्री. सामानाला मात्र सुपर्बला तोड नाही: डिकीचं झाकण मागच्या काचेसकट वर उघडतं आणि आत ६२५ लिटर जागा, कॅम्रीत ५२४. घरात गुडघेदुखीची मंडळी असतील तर त्यांना आधी दोन्ही गाड्यांतून उतरून बघायला लावा. दोन्ही खाली बसणाऱ्या गाड्या आहेत, आणि चार माणसं बसली की आपल्याकडच्या डोंगराएवढ्या गतिरोधकांवर दोघींचंही पोट घासू शकतं.

सुरक्षिततेत निवडीसारखं काही नाही. सुपर्बमध्ये आठ एअरबॅग, कॅम्रीत नऊ.

एक सावधगिरी कागदपत्रांची. दिल्ली परिसरात दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्याने जुन्या डिझेल सुपर्ब तिकडून स्वस्तात येऊ लागल्या. महाराष्ट्रात नोंद करायची तर तिकडच्या आरटीओची एनओसी लागते आणि इथला रोड टॅक्स वेगळा भरावा लागतो. तो धरला की स्वस्ताई बरीच आटते. गाडी इथलीच असेल तरी कर्जाचा बोजा उतरल्याचा फॉर्म ३५ आणि हस्तांतराचे २९ व ३० हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका.

आणि दोन्हीपैकी कोणतीही गाडी पाहायला जाल, तेव्हा इंजिन थंड असताना चालवा. सुपर्ब असेल तर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत न्या, चढावर रिव्हर्स घ्या, धक्के बसतात का बघा. कॅम्री असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून हायब्रिड यंत्रणेची तपासणी करून घ्या. विकणाऱ्याने गाडी आधीच चालू करून गरम ठेवली असेल, तर चहा पिऊन निघा आणि दुसऱ्या दिवशी न सांगता सकाळी लवकर जा.