स्नेकमेक (डेटावरच्या पायऱ्या क्रमाने चालवणारं टूल): वर्षभर वापरल्यावरचा रिव्ह्यू (५ पैकी साडेचार स्टार)

जळगावात बसून केळीच्या आरएनए सिक्वेन्सिंग डेटावर काम करतो मी, पानातल्या जीन एक्स्प्रेशनवरून, म्हणजे कोणता जीन किती चालू आहे त्यावरून, झाड रोगट का निरोगी ते ओळखायचं मॉडेल. डेटा सगळा अमेरिकेच्या एनसीबीआय संस्थेच्या एसआरए या सिक्वेन्सिंग डेटाच्या साठ्यातला, कोणालाही मिळणारा, त्यामुळे वाटायचं की कोड पाठवला म्हणजे झालं. धुळ्याच्या मित्राला झिप पाठवली, दोन दिवसांनी त्याचा फोन, "भो, तुना कोड मना लॅपटॉपवर चालतच नही." बरोबर होतं त्याचं. कोणती स्क्रिप्ट आधी, कोणती नंतर ते फक्त माझ्या डोक्यात होतं आणि पाथ, म्हणजे फाइलींचे पत्ते, सगळे माझ्या मशीनचे.

म्हणून स्नेकमेककडे वळलो. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, २०१२ पासून आहे. प्रत्येक पायरीचा एक रूल लिहायचा, आत काय जातं, बाहेर काय येतं, कोणती कमांड, बास, कोणत्या क्रमाने चालवायचं ते तो स्वतः लावतो. आधी डॅश एन देऊन नुसतं बघायचं काय काय चालणार आहे ते, ही सवय मला फार आवडली.

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो आणि लाइट कधी जाईल नेम नसतो. एकदा सॅमन (जीन एक्स्प्रेशन मोजणारा प्रोग्राम) चालू असताना मशीन बंद पडलं, लाइट आल्यावर बघतो तर डिरेक्टरी लॉक आहे म्हणून एरर, पोटात गोळाच आला. पण तो नुसता मागे राहिलेला लॉक असतो, अनलॉक द्यायचं, मग रिरन इनकम्प्लीट द्यायचं, अर्धवट फाइली तेवढ्या परत बनतात आणि आधीच्या झालेल्यांना हातही लागत नाही. रात्रभराचं काम वाचलं माझं!

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे प्रत्येक रूलला स्वतःची कोंडा एन्व्हायर्नमेंट फाइल, म्हणजे लागणाऱ्या सॉफ्टवेअरची यादी, देता येते, व्हर्जनसकट. सायकिट-लर्नचं (मॉडेल बनवायची पायथन लायब्ररी) व्हर्जन बांधून ठेवाच, एका व्हर्जनमध्ये सेव्ह केलेलं मॉडेल दुसऱ्यात नीट उघडेल याची गॅरंटी त्यांचीच नाही. रेफरन्स जीनोमचंही (ज्याच्याशी डेटा ताडून बघतात तो जीनोम) तेच, केळीचा पहांग जीनोम २०१२ ला आला आणि २०२१ ला त्याचं खूप सुधारलेलं व्हर्जन आलं, कोणता वापरला ते कॉन्फिग फाइलमध्ये (सेटिंगची फाइल) नाही लिहिलं तर समोरच्याचे जीनचे आकडे जुळणारच नाहीत.

आता एक गोष्ट हे टूल करत नाही आणि ती आपणच करायची. सीड (रँडम निवड दरवेळी तीच यावी म्हणून दिलेला आकडा) कॉन्फिगमध्ये टाकला तरी मी ट्रेन-टेस्टची, म्हणजे मॉडेल शिकवायची आणि तपासायची, सॅम्पल यादीच वेगळ्या फाइलमध्ये लिहून ठेवतो, म्हणजे कोणीही चालवलं तरी तीच सॅम्पल त्याच बाजूला राहतात. आणि एकाच झाडाची तीन रेप्लिकेट (परत परत घेतलेली सॅम्पल) असतील तर ती तिन्ही एकाच बाजूला हवीत, नाहीतर मॉडेल रोग नाही, झाड ओळखायला शिकतं. जीन निवडायची पायरीसुद्धा ट्रेन-टेस्ट वेगळे केल्यावर, फक्त ट्रेनवर, नाहीतर टेस्टची माहिती आधीच मॉडेलमध्ये शिरते. माझ्या पहिल्या पाइपलाइनमध्ये ती आधी होती, रूल लिहिताना इनपुट काय द्यायचं हा प्रश्न पडला तेव्हा चूक दिसली, आणि मॉडेलच्या अचूकतेचा आकडा खाली आला तरी मी तोच खरा धरला.

अर्धा स्टार का कापला? व्हर्जन ८ मध्ये कोंडाचा आणि क्लस्टरचा (एकत्र जोडलेल्या अनेक मशीनचा) कारभार बदलला, जुन्या ट्युटोरियलमधल्या काही कमांड तशाच नाही चालत, म्हणून स्नेकमेकचं स्वतःचं व्हर्जनही लिहून ठेवा. वाइल्डकार्ड, म्हणजे फाइलच्या नावातली बदलती जागा, डोक्यात बसायला मला आठवडा लागला. आणि विंडोजवाल्यांनी सरळ डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) टाका, बायोकोंडाची (कोंडावरचं बायोलॉजीच्या सॉफ्टवेअरचं भांडार) पॅकेज लिनक्स आणि मॅकसाठीच असतात, आपल्याकडच्या बहुतेक पोरांचे लॅपटॉप विंडोजचे म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

आता सगळं झेनोडोवर (संशोधनाचा डेटा ठेवायची फुकट साइट) टाकलंय, डीओआय, म्हणजे कायमचा ओळख क्रमांक, मिळतो आणि एका रेकॉर्डला ५० जीबी जागा असते. धुळ्याच्या मित्राने परवा एक कमांड दिली, रात्री झोपला, सकाळी त्याने पाठवलेल्या कन्फ्यूजन मॅट्रिक्समधले (मॉडेलने रोगट-निरोगी किती बरोबर, किती चूक ओळखले त्याचा तक्ता) चारही आकडे माझ्यासारखेच.