किल्ली हातात येण्याआधी पैसे: म्युनिक, लंडन आणि दुबई

म्युनिकला नोकरी लागली, रुजू व्हायला महिना उरलाय, आणि घराचा शोध पुण्यात बसून चाललाय. भामट्यांना नेमकं हेच गिऱ्हाईक हवं असतं. शहराच्या मध्यावर सजवलेलं घर, भाडं आसपासच्या निम्मं. मालक 'सध्या परदेशात'. डिपॉझिट भरा, किल्ली कुरियरने येईल. विश्वास बसावा म्हणून तो पासपोर्टची प्रत पाठवतो. ती बहुधा आधी फसलेल्या कुणाची तरी असते, आणि तुमची प्रत पुढच्याला दाखवली जाते. म्हणून प्रत द्यायचीच वेळ आली, तर तिच्यावर तारीख आणि कारण आडवं लिहून द्या.

जर्मनीत डिपॉझिट हीटिंग वगैरे खर्च सोडून उरणाऱ्या मूळ भाड्याच्या तिपटीपेक्षा जास्त घेता येत नाही. ते तीन मासिक हप्त्यांत भरायचा हक्क आहे, आणि पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना. 'सगळी रक्कम आजच' म्हणणाऱ्याशी पुढे बोलू नका. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते, त्यासाठी घरमालकाच्या सहीचं पत्र लागतं. ते द्यायला कुरकुर करणारा कदाचित चोरून पोटभाडेकरू ठेवणारा असतो.

इंग्लंडमध्ये घर राखून ठेवायला एका आठवड्याच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही. वार्षिक भाडं 50,000 पौंडांच्या आत असेल तर डिपॉझिट जास्तीत जास्त पाच आठवड्यांचं. ते 30 दिवसांत सरकारमान्य तीन योजनांपैकी एकीत जमा व्हायला हवं. जमा झालंय का, हे त्या योजनेच्या साइटवर स्वतः बघा. घर कुणाच्या नावावर आहे, हे लँड रजिस्ट्रीत थोडक्या पौंडांत कळतं.

दुबईतला प्रकार वेगळा आणि जास्त घातक, कारण तिथे घर खरं असतं, किल्लीही मिळते. कुणीतरी मालकाशी वर्षाचा करार करून भाड्याचे पुढच्या तारखांचे चेक देतो, आणि त्यातला फक्त पहिला वटतो. मग स्वतःच मालक किंवा एजंट बनून 'एका चेकमध्ये वर्षाचं भाडं द्या, सूट देतो' म्हणत तेच घर पुढे देतो, कधी दोघा-तिघांना. त्याचा दुसरा चेक परत गेला की खरा मालक दारात उभा. पैसे वसूल करायचे तर तो भामटा सापडायला हवा, आणि तोवर त्याचा फोन बंद झालेला असतो.

टायटल डीडवरचं, म्हणजे घराच्या मालकीच्या कागदावरचं नाव आणि मालकाचं ओळखपत्र जुळवा. चेक त्याच नावाने काढा, 'बेअरर' कधीच नको. दुसरं कुणी सही करत असेल तर नोटरी केलेलं मुखत्यारपत्र बघा. एजंटचा परवाना दुबई रेस्ट अ‍ॅपवर तपासा. एजारी, म्हणजे भाडेकराराची सरकारी नोंदणी, करारासोबतच हवी. वीज-पाण्याच्या जोडणीलाही ती लागते. 'एजारी नंतर करू' म्हटलं की चेकबुक खिशातच राहू द्या. बेडस्पेस, म्हणजे खोलीत फक्त एक खाट भाड्याने घेणाऱ्यांनी तर एजारीवर राहणाऱ्यांत आपलं नाव आहे का, हे आधी पाहावं.

पैसे भारतीय खात्यातून गेले असतील तर तासाभराचाही उशीर न करता बँकेला कळवा, सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. जाहिरात आणि चॅटचे स्क्रीनशॉट पैसे पाठवण्याआधीच घेऊन ठेवा, कारण पैसे पोचताच ती जाहिरात काढली जाऊ शकते.