हवेची होडी की कडक कयाक? गंगापूर धरणाच्या वाऱ्यात कोणती पुरते

नाशिकमध्ये स्वतःची छोटी होडी घ्यायची म्हटलं की बहुतेकजण हवेच्या होडीकडेच वळतात. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, खाली एकच गाडी. घडी केलेली होडी डिकीत मावते. वर बसून वल्हवायची कडक प्लास्टिकची कयाक वीस-पंचवीस किलोंची, तिला टपावर कॅरिअर लागतं आणि उचलायला दोघं. सोयीत हवेची होडी सरस, यात वाद नाही.

पण आपल्याला घोर असतो तो वाऱ्याचा. गंगापूरची भिंत पूर्वेला, पाणी पश्चिमेकडे पसरलेलं. पश्चिमेचा वारा सुटला की त्याला अडवायला मध्ये काही नसतं, आणि मोकळ्या पाण्यावरून तो जितका लांब धावतो तितकी लाट मोठी होते. हवेची होडी पाण्यात जेमतेम बसते. तिच्या फुगलेल्या बाजू शिडासारखा वारा धरतात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो.

एकदा मे महिन्यात दुपारी मी अशा होडीत एकटीच होते. आधी पाण्यावरून काळसर सुरकुत्या धावत आल्या, मग लाटांना पांढरी टोकं फुटली. जीव खाऊन वल्हं मारत होते, पण काठावरची बाभूळ जवळ येईना. क्षणभर हात थांबला की होडी गर्रकन आडवी. शेवटी भलत्याच काठाला लागले आणि तासभर चिखल तुडवत परत आले.

कडक कयाक खाली बसते, सरळ रेषेत जाते. आत आलेलं पाणी तळाच्या भोकांतून आपोआप निघून जातं. हवेच्या होडीत ते साचतं, उपसावं लागतं. हवेच्या होडीच्या तळाला पर, म्हणजे माशाच्या परासारखी उभी पट्टी, लावला तर ती थोडी सरळ चालते, तो विसरू नका. शिवाय उन्हात टच्च फुगवलेली होडी गार पाण्यात गेली की सैल पडते आणि वाकू लागते. पंप बरोबर हवाच. तिच्या बाजूने एक गोष्ट मात्र खरी: हवेचे कप्पे वेगवेगळे असतात, एक फुटला तरी ती तरंगते.

होडी कोणतीही असो, जाताना वाऱ्यावर चाल करून जा, म्हणजे दमल्यावर परतताना तोच मदतीला येतो. लाट कुशीवर घेऊ नका, नाक जरा तिरकं ठेवून कापा. उभं राहू नका. उलटलात तर होडी सोडू नका, कारण वारा तिला तुमच्या पोहण्यापेक्षा वेगाने नेतो. वळवाचे ढग दाटले, गडगडाट ऐकू आला की लगेच काठ गाठा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यात परत उतरू नका. लाइफ जॅकेट फोमचंच घ्या, कळ ओढून फुगणारं नको. घाबरलेल्या हाताला कळ सापडेलच असं नाही.

गच्ची किंवा पार्किंगमध्ये जागा असेल आणि जोडीला कुणी असेल, तर मी कडक कयाकच सांगेन. नसेल तर हवेची घ्या, पण सकाळी लवकर, वारा पडलेला असताना, काठ धरून. गोदेला पूर येऊन नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी लागलं की दोन्ही घरातच ठेवा.

पैसे देण्याआधी कुणाकडून तरी ती होडी मागून घ्या, परवानगी असलेल्या जागी छातीएवढ्या पाण्यात मुद्दाम उलटवा आणि जॅकेट घालून पुन्हा चढून बघा. पोट आडवं टाकून, पाय झाडत वर येता आलं, तर तीच घ्या.