हार्ट फेल्युअरच्या पेशंटसाठी घरून मॉनिटरिंगचं अ‍ॅप : आमचा अनुभव (४/५)

आधी सगळ्यात कामाचं सांगते, वजनाचा ग्राफ. हार्ट फेल्युअरमध्ये, म्हणजे हृदय कमजोर होऊन रक्त नीट पंप करत नाही तेव्हा, अंगात पाणी साठायला लागलं की पाय सुजायच्या, दम लागायच्या बरेचदा काही दिवस आधीच ते काट्यावर दिसतं, एक लिटर पाणी म्हणजे सरळ एक किलो, त्यामुळे तीन दिवसांत दोन किलोच्या वर वाढलं तर ते खाण्याचं वजन नाही, लगेच कळवायचं. बाबांच्या डिस्चार्जच्या वेळी हॉस्पिटलनेच अ‍ॅप टाकून दिलं, सोबत ब्लूटूथचा वजनकाटा आणि दंडाला बांधायचं बीपी मशीन. सकाळी लघवीला जाऊन आलं की काही खायच्या-प्यायच्या आधी काट्यावर उभं राहायचं, आकडा आपोआप जातो, टाइप करायची भानगड नाही.

मग रोज थोडे प्रश्न येतात, दम लागतो का, चक्कर येते का, आणि रात्री उशा किती घेतल्या! हा उशांचा प्रश्न ज्याने टाकला त्याला मनापासून थँक्यू. आडवं झालं की दम लागतो म्हणून माणूस नकळत एकाच्या दोन, दोनाच्या तीन उशा घेतो आणि विचारल्याशिवाय सांगत नाही, आमचे बाबा तर कधीही विचारा, "मी बरा आहे" एवढंच.

पण अ‍ॅप चालतं ते पलीकडे माणूस आहे म्हणून. मध्यंतरी वजन चढलं तर दुपारच्या आत नर्सताईंचा फोन, डॉक्टरांना विचारून लघवीची गोळी वाढवली, वजन उतरलं, अ‍ॅडमिट करायची वेळ आली नाही. मी यावर थोडं वाचलं पण. २०१० ला अमेरिकेत टेली-एचएफ नावाचा अभ्यास आला, १६५३ पेशंट, रोज फोन करून रेकॉर्डेड प्रश्नांना उत्तरं द्यायची, काही फायदा दिसला नाही, बऱ्याच जणांनी हळूहळू फोन करणंच सोडलं. आणि २०१८ च्या जर्मनीतल्या टिम-एचएफ२ मध्ये चोवीस तास डॉक्टर-नर्स आकडे बघत होते, तिथे अचानक अ‍ॅडमिट होण्यात किंवा मृत्यूमुळे गेलेले दिवस वर्षाला सरासरी १७.८ होते, नेहमीचेच उपचार घेणाऱ्या गटात २४.२.

एक स्टार कापला तो रात्रीसाठी. रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी आकडा पाठवला तरी स्क्रीनवर हिरवी टिक आणि "माहिती मिळाली" असं येतं, प्रत्यक्षात तेव्हा कोणी बघत नसतं, आणि पेशंट बिचारा निवांत राहतो, हे धोक्याचं आहे. तिथे मोठ्या अक्षरात लिहायला हवं की आत्ता कोणी नाही, दम वाढला तर थेट इमर्जन्सीला जा. अजून एक, नाडी अनियमित असली की ऑटोमॅटिक बीपी मशीनचं एका वेळचं रीडिंग भरवशाचं नसतं, दोन-तीनदा घ्यावं लागतं, अ‍ॅप मात्र पहिलंच रीडिंग धरून पुढे जातं.

घेणार असाल तर हॉस्पिटलला आधी हेच विचारा, आकडे कोण बघतं आणि किती वाजेपर्यंत.